‘भूक नाही’ म्हणणाऱ्या आजीसाठी एक गोष्टीचे पुस्तक

वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात घेऊन येणाऱ्या मुला-सुनांची एक तक्रार मी गेली सत्तावीस वर्षे ऐकत आलो आहे. "डॉक्टर, आई जेवतच नाही." त्यावर आईचे उत्तरही ठरलेले असते. "भूकच नाही, तर काय जेवू?" मग वजन पाहिले जाते, रक्त तपासले जाते, एक टॉनिक लिहून दिले जाते आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले जाते. मीही पुष्कळदा एवढेच केले आहे. अशाच एका रुग्णाच्या बाबतीत माझे काय चुकले, ते मला एका अकरा वर्षांच्या मुलीने दाखवून दिले. आणि तिला ते दिसले एका गोष्टीच्या पुस्तकामुळे. त्या घराच्या अनुमतीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, ती हकिकत येथे सांगतो. ज्यांच्या घरी ताट तसेच उष्टे राहते आहे, त्यांना तिचा उपयोग व्हावा.

एका घरात दोन न जेवणारी माणसे

अकोले तालुक्यातील एका खेड्यातल्या या आजी. वय बहात्तर. पावसाळ्याच्या आरंभी त्यांचे यजमान गेले. दसऱ्याच्या सुमारास त्या माझ्याकडे आल्या तेव्हा ५१ किलोचे वजन ४६ वर आले होते. मी आवश्यक त्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन थोडे कमी होते, बाकी साखर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सारे ठीक. पती गेल्याचे दुःख आहे, काळ जाईल तसे सावरेल, असे मी मनाशी ठरवले. लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक दिले. लोहाच्या गोळ्यांनी काहींची भूक आणखी मंदावते, हे ठाऊक असूनही दिल्या.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी आपल्या लेकीला घेऊन कायमची माहेरी राहायला आली. संसार मोडला होता. मुलीला वर्षाच्या मध्येच पुण्याच्या इंग्रजी शाळेतून काढून तालुक्याच्या शाळेत घालावे लागले. ही नात दर सोमवारी पोटदुखीसाठी माझ्याकडे येऊ लागली. डबा तसाच परत येतो, असे आई सांगे. तपासून पोटात काही सापडत नव्हते. सोमवार म्हणजे शाळेचा पहिला दिवस, एवढे मात्र मला समजत होते.

एकदा सहज विचारले, "शाळेत आवडते काय तुला?" ती म्हणाली, "लायब्ररी." त्या आठवड्यात तिच्या दप्तरात ‘हायडी’ या पुस्तकाची इंग्रजी प्रत होती. घरी रोज संध्याकाळी दिवेलागणीला ती आजीला त्यातले एक प्रकरण मराठीत सांगत असे. पुण्याच्या शाळेत मराठी मागे पडलेले. शब्द अडला की आजी पुरवत. आल्प्स म्हणजे काय, तर आजींनी विचारले, "आपल्या कळसूबाईसारखा डोंगर का?" नातीने होकार दिला आणि गोष्ट पुढे निघाली.

जानेवारीतल्या एका सोमवारी ती आली आणि स्वतःच्या पोटाविषयी काही न बोलता म्हणाली, "डॉक्टरकाका, आजीला भाकरी चावत नाही. ती पदराखाली धरते आणि नंतर गायीला घालते. मी पाहिलंय."

तिची आई चकित झाली. मी त्याहून अधिक. दुसऱ्या दिवशी आजींना बोलावले आणि त्यांना तोंड उघडायला सांगितले. वजन घटल्यामुळे आणि हिरडी झिजल्यामुळे खालची कवळी सैल झाली होती. ती घासून हिरडीवर जखम झाली होती. मी त्यांना पंधरा वर्षे ओळखतो. त्या आजारात चार वेळा तपासले होते. रक्तदाब घेतला, पोट दाबून पाहिले, पण कवळी काढून तोंडात एकदाही पाहिले नव्हते.

"सांगितलं का नाही, आजी?" मी विचारले.

"काय सांगायचं, डॉक्टर? कवळी यांनी करून दिली होती, ऊस गेल्यावर. आता लेक घरी आलीय, तिचंच तिला पुरंना. तिच्यावर आणखी हा खर्च कुठं टाकू? भूक नाही म्हणलं की कुणी पुढं विचारत नाही."

हे शेवटचे वाक्य मी त्यांच्या केसपेपरवर लिहून ठेवले आहे.

नातीला ते कसे दिसले?

योहाना श्पीरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ १८८० आणि १८८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. आईवडील नसलेली पाच वर्षांची मुलगी डोंगरावर एकट्या राहणाऱ्या, गावाशी संबंध तोडलेल्या आजोबांकडे आणून सोडली जाते. शेळीचे दूध, विस्तवावर भाजलेले चीज आणि पाव, एवढ्या जेवणावर दोघांचे जमून जाते. डोंगराच्या उतारावर शेळ्या राखणाऱ्या पेटरची आंधळी आजी राहते. तिला कडक काळा पाव चावत नाही. पुढे हायडीला फ्रांकफुर्ट शहरात एका श्रीमंत घरी, व्हीलचेअरवर बसणाऱ्या क्लाराची सोबतीण म्हणून नेले जाते. तेथे जेवणाच्या टेबलावर मऊ पांढरे पाव दिसताच तिला पेटरची आजी आठवते. रोजचा पाव ती न खाता कपाटात साठवू लागते. घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना ते सापडतात आणि त्या फेकून द्यायला लावतात.

आमच्या या नातीने ते प्रकरण आजीला सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांनी भाकरी पदराखाली घेतली तेव्हा नातीचे लक्ष तिकडे होते. गोष्टीतली म्हातारी माणसे का जेवत नाहीत, याचे एक उत्तर तिला नुकतेच मिळाले होते. मला वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवले होते. वापरायचे मी विसरलो होतो.

या कादंबरीत एक डॉक्टरही आहे, आणि मी तो माझ्यासाठी मुद्दाम पुन्हा वाचला. शहरात हायडी खंगत जाते, झोपेत चालू लागते. घराचा दरवाजा रोज सकाळी उघडा सापडतो; नोकरांना भूत वाटते. डॉक्टर रात्रभर जागून पहारा देतो, मुलीला पाहतो, तिच्याशी बोलतो आणि सांगतो की हिला औषध नको, हिला घरी पाठवा. पुढे याच डॉक्टरची एकुलती एक मुलगी जाते. खचलेला तो डोंगरावर येतो, तेव्हा त्याला सावरणारी हायडीच असते. आणि पेटरच्या आजीला मऊ पाव तर मिळतोच, पण वाचायला शिकून आलेली हायडी तिला तिची आवडती भक्तिगीते वाचून दाखवते. पोट आणि कान दोन्ही उपाशी होते, हे त्या लहान मुलीने ओळखले.

एक सावधगिरी सांगायला हवी. गोष्टीच्या शेवटी क्लारा डोंगराच्या हवेत चालू लागते. पक्षाघाताचा किंवा पाठीच्या कण्याचा रुग्ण घरी असेल, तर या प्रसंगावरून कोणतीही आशा बांधू नये. फिजिओथेरपी नियमाने चालू ठेवावी. गोष्टीला गोष्टच राहू द्यावे.

काही समुद्रातले, काही डोंगरातले

मुलगी, जेवण, घर आणि नवी सुरुवात या चार गोष्टी एकत्र आलेली आणखी तीन पुस्तके सांगतो. आजी-आजोबा आणि नातवंडे यांनी मिळून वाचावीत अशी ती आहेत.

पहिले ‘तोत्तोचान’. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणाची ही खरी हकिकत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत येते. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. नवी शाळा जड जाणाऱ्या मुलांच्या घरी हे पुस्तक असावे, ते याच प्रसंगासाठी.

आहाराच्या दृष्टीने मला त्यातली डब्याची पद्धत मोलाची वाटते. प्रत्येक मुलाच्या डब्यात काही समुद्रातले आणि काही डोंगरातले असावे, एवढाच मुख्याध्यापकांचा नियम. ज्याच्या डब्यात एक कमी, त्याला मुख्याध्यापकांच्या पत्नी आपल्या जवळच्या भांड्यातून वाढत. खाण्याआधी सारी मुले नीट चावून खाण्याचे गाणे म्हणत. कर्बोदके, प्रथिने, जीवनसत्त्वे असे शब्द न वापरता समतोल आहार शिकवणारी यापेक्षा सोपी रीत मला ठाऊक नाही.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. त्या नातीने आजीसाठी नियम बदलून घेतला: काही शेतातले, काही गोठ्यातले, काही रानातले. शेतातले म्हणजे बाजरी, नाचणी, मूग, हुलगे. गोठ्यातले म्हणजे दूध, दही, ताक. घरात चालत असेल तर कोंबडीचे अंडे. रानातले आणि बांधावरचे म्हणजे तांदुळजा, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला. ताटात तिन्ही आहेत का, हे ती रोज मोजू लागली. आणि मोजायचे म्हटल्यावर आजीने तिला विचारायला सुरुवात केली, "तुझ्या डब्यात किती आहेत?"

याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले, त्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भाज्या यांचे ज्ञान घरातल्या मोठ्यांकडून आणि शेतातून मिळवले. आपल्या आजीलाही यातले पुष्कळ ठाऊक असते. तिला भूक आहे का, हे विचारण्यापेक्षा अंबाडी कशी शिजवतात, हे विचारावे. पुष्कळदा ती उठून चुलीपाशी येते.

चौघी बहिणी आणि आपल्या लक्ष्मीबाई

दुसरे पुस्तक ‘चौघीजणी’. लुइझा मे ऑल्कट यांच्या १८६८-६९ मधील ‘लिटल विमेन’चा शान्ता शेळके यांनी केलेला हा अनुवाद आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक वाचक स्त्रियांनी मुलगीपणी वाचलेला आहे. आरंभीच चौघी बहिणी नाताळची न्याहारी शेजारच्या गरीब कुटुंबाला नेऊन देतात. जो पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते आणि स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ घालते. नातवंडांना हे प्रसंग फार आवडतात. आजीने आपला पहिला बिघडलेला स्वयंपाक सांगायला यासारखी दुसरी संधी नाही.

माझे लक्ष मात्र शेजारच्या वृद्ध लॉरेन्स यांच्याकडे जाते. आपली लहान नात गमावलेला हा एकटा गृहस्थ लाजाळू बेथला आपल्या घरातला पियानो वाजवायला बोलावतो, आणि तो आवाज दाराआडून ऐकतो. शोकात असलेल्या माणसाला समजुतीच्या शब्दांपेक्षा घरात वाजणारी, हलणारी, बोलणारी एखादी गोष्ट अधिक हवी असते. याच पुस्तकात जो आपल्या श्रीमंत मार्च आत्याला कंटाळवाणी पुस्तके वाचून दाखवते आणि आत्या झोपी जाते, तेही ध्यानात ठेवावे. पुस्तक दोघांनाही आवडायला हवे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तेथे बेथच्या दुखण्याची प्रकरणे आधी स्वतः वाचून मग ठरवावे.

तिसरे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नाही, पण आमच्या जिल्ह्याचे त्यावर हक्काचे नाते आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंच्या संसाराचा मोठा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. आरंभीची प्रकरणे अकरा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवण्यासारखी आहेत: नाशिकजवळच्या जलालपूरची मनू, सोवळ्याचा अतिरेक करणारे वडील, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, आणि त्या शिस्तीतून वाट काढणारी मुले. मनूचे लग्न अकराव्या वर्षी झाले. आपल्या नातीएवढ्या वयात, हे सांगितले की नात गप्प होते आणि मग प्रश्न विचारू लागते.

पुढे पतीने धर्म बदलल्यावर काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत राहू लागल्या, तेव्हा आरंभी त्यांनी आपले पाणी आणि चूल वेगळी ठेवली. कोणाच्या हातचे खावे, या प्रश्नाशी त्या बराच काळ झगडल्या आणि अखेर ती भिंत त्यांनी स्वतःच उतरवली. संसार दोनदा मोडून पुन्हा मांडलेली ही बाई आपल्या फजितीवर इतकी मोकळेपणाने हसते, की ज्यांचे घर नुकतेच विस्कटले आहे त्यांनाही धीर येतो. हे पुस्तक आजीने वाचावे आणि नातीने ऐकावे. वाचनाची दिशा अधूनमधून बदलली पाहिजे. आजीला नुसते ऐकणारी करून ठेवू नये.

आधी तपासणी, मग पुस्तक

पुस्तकाने भूक लागते, असे मी म्हणत नाही. वजन घटण्यामागे गंभीर कारण असू शकते आणि ते शोधणे डॉक्टरचे काम आहे. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, वजनाचा विसावा भाग कमी झाला, म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीचे अडीच किलो उतरले, तर दवाखान्यात जावे. जाताना पुढील गोष्टी स्वतःहून सांगाव्यात.

• दात, कवळी, हिरड्या, तोंडातील जखम. कवळी काढून तोंड दाखवावे. डॉक्टर विसरला तर आठवण करावी.
• गिळताना अडकते का, ठसका लागतो का.
• बद्धकोष्ठता, वारंवार ताप, रात्रीचा घाम, जुना खोकला, शौचातून रक्त.
• चालू असलेली सर्व औषधे. मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामके यांनी काहींची भूक कमी होते. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.
• झोप, रडू येणे, कशातच मन न लागणे, जगण्याचा कंटाळा. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ४६ किलो वजनाला सुमारे ४६ ते ५५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एक पेला दुधात ६ ते ७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या ज्येष्ठाचा हिशेब कुठे चुकतो, ते यावरून दिसेल.

वाचन कसे करावे

वाचन जेवणाच्या आधी करावे, जेवताना नव्हे. हा नियम मी आग्रहाने सांगतो. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीने तोंडात घास असताना बोलले किंवा हसले, तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जेवताना ताठ बसवावे, घास लहान असावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

पंधरा-वीस मिनिटे पुरे. वाचणाऱ्याने समोर बसावे, उजेड त्याच्या चेहऱ्यावर असावा. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नये. आवाज किंचित जाड आणि वेग कमी ठेवावा. प्रकरण जेवणाचे वर्णन येईल तेथे थांबवले तर उत्तम. इंग्रजी शाळेतल्या नातवंडाने इंग्रजी पुस्तक मराठीत सांगितले तरी चालते. शब्द अडतील तेथे आजोबांना बोलता येते, आणि ते बोलणे दोघांच्याही उपयोगाचे असते. स्मृतिभ्रंश असलेल्या आजीला तेच प्रकरण रोज वाचले तरी हरकत नाही. "काल हेच वाचलं होतं," असे तिला सांगू नये.

सांभाळणाऱ्या सुनेने किंवा लेकीने या वेळात वाचू नये, ऐकावे किंवा सरळ अंगणात जाऊन बसावे. तिच्या दिवसातली ही बहुधा एकच मोकळी वीस मिनिटे असतात. घरात नातवंड नसेल, तर शेजारचे मूल चालते. कोणीच नसेल आणि एकटेपणा फार जाणवत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

त्या घरी पुढे काय झाले

दंतवैद्यांनी नवी कवळी न करता जुन्याच कवळीला आतून थर देऊन ती घट्ट बसवली. खर्च आजींना वाटला होता त्याच्या मानाने थोडा होता. जखम भरेपर्यंत दुधात कुस्करलेली भाकरी, हुलग्याचे माडगे आणि मऊ मुगाची खिचडी असा आहार ठेवला. लोहाच्या गोळ्या मी जेवणानंतर आणि एक दिवसाआड केल्या. मे महिन्यात वजन साडेअठ्ठेचाळीस किलो भरले. पूर्वीचे एक्कावन्न अजून झालेले नाही, आणि यजमानांच्या तिथीच्या आठवड्यात त्या आजही अर्धीच भाकरी खातात. त्यावर माझ्याजवळ औषध नाही, आणि ते असावे असेही मला वाटत नाही.

नातीची सोमवारची पोटदुखी लगेच थांबली नाही. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत ती चार-पाच वेळा आली. नव्या शाळेत एक मैत्रीण मिळाल्यावर येणे कमी झाले. आता डबा रिकामा येतो, असे तिच्या आईने सांगितले; मैत्रिणीला आजीच्या हातची जवसाची चटणी आवडते म्हणून आजी दोघींपुरती देतात.

माझ्या टेबलावर आता टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी रक्तदाबाच्या यंत्राच्या आधी ठेवलेली असते. साठीपुढचा रुग्ण "भूक नाही" म्हणाला की मी प्रथम तोंड पाहतो. त्यानंतर विचारतो, संध्याकाळी घरी तुमच्याजवळ कोण बसते?